तेवढं एक सोडलं तर

मी त्या सहलीला निघाले ती मैत्रिणीच्या मुलीचं लग्न मोडायला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे डोंगर, पाणी, पक्षी असं काही आलं तर कुणाला वाटायला नको की बाई निसर्ग बघायला गेली होती.

मैत्रीण नारायण पेठेतली, आमच्याच गल्लीतली, समोरच्या इमारतीतली. लहानपणी माझ्या घरी नावडती भाजी असली की मी तिच्या घरी जेवायची, आणि तिच्या घरी असली की ती माझ्याकडे. असं गूळपीठ. पुढे तिचं लग्न झालं, तरी नवऱ्याला पटवून तिने माहेरच्याच इमारतीत फ्लॅट घेतला. माझं लग्न झालं नाही. मी नोकरी केली, आईवडिलांचं केलं, आणि ते गेल्यावर एकटी राहिले. माझ्या घराची एक किल्ली कायम तिच्याकडे असायची. रविवारी सकाळी ती बेल न वाजवता आत यायची आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणायची, "पोहे भिजवलेस का?"

माझं लग्न एकदा जमत आलं होतं. मुलगा नागपूरचा, इथे त्याच्या मामीकडे उतरला होता. बघायला आला तेव्हा चहा फार गरम होता. त्याने इकडेतिकडे बघून तो सरळ बशीत ओतला आणि एकदम ओशाळला. आता पुण्यात, मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात, चहा बशीत म्हणजे काय ते मी सांगायला नको. आईच्या भुवया कपाळात गेल्या. मला काय वाटलं कोण जाणे, मीही माझा चहा बशीत ओतला आणि फुर्रकन प्यायले. तो हसला. तसं मनापासून हसताना मी फार थोड्या माणसांना बघितलंय. तो आणखी एकदा भेटून गेला. मग मामीचा निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका आधीच जुळवून घेतली होती, पण आमच्या घरात कुणी उलटून विचारलं नाही. मैत्रीण मला भेळ खायला घेऊन गेली आणि म्हणाली, "बरं झालं सुटलीस, एवढ्या लांब कोण जातंय." त्यानंतर बरीच स्थळं आली. माझंच मन उडालं होतं.

हे सगळं मी विसरले होते असं नाही, पण त्यावर साय धरली होती. मग या दिवाळीच्या आधी डोळे तपासायला गेले. दवाखान्यात थेंब घालून, डोळे मिटून बाकावर बसायला सांगितलं. शेजारी एक म्हातारी, तिलाही थेंब घातलेले. दोघी आंधळ्या कोशिंबिरीसारख्या बसलेल्या, मग गप्पा सुरू झाल्या. मी नारायण पेठेतली म्हटल्यावर ती म्हणाली, "तिथली एक मुलगी आमच्या भाच्याला सांगून आली होती हो. फार मनात भरली होती त्याच्या. चहा बशीत ओतून प्यायली म्हणे त्याच्याबरोबर."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय. रीतीप्रमाणे चौकशी करायला मी गेले. समोरच तिची जिवलग मैत्रीण राहायची, तिलाच विचारलं. ती म्हणाली, मुलगी लाखात एक आहे हो, फक्त तेवढं एक सोडलं तर... जाऊ दे, मी बोलणं बरं नाही. आता जिवलग मैत्रीणच असं म्हणाली म्हटल्यावर आम्ही काय समजायचं ते समजलो. पत्रिकेचं निमित्त सांगून मोकळे झालो."

"तेवढं एक म्हणजे काय, ते विचारलं नाहीत?"

"छे, असं कुणी विचारतं का?"

मला नर्सने आत बोलावलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते थेंबांचं समजून तिने कापूस दिला.

घरी आले तर समोरच्या खिडकीत मैत्रीण कपडे वाळत घालत होती. तिने हात केला. मीही केला. त्या क्षणी मला तिचा कधी नव्हे इतका राग आला. शिव्या दिल्या असत्या, भांडले असते, तर ती रडली असती, चार दिवसांनी पोहे खायला आली असती आणि सगळं शिळं झालं असतं. ते मला नको होतं. केसाने गळा कापलेल्या माणसाने आरडाओरडा करायचा नसतो, त्याने वाट बघायची असते. मी दर रविवारी पोहे केले, वर खोबरं घातलं, आणि वाट बघितली.

संधी स्वतःच्या पायाने चालत आली. तिच्या मुलीचं एका मुलाशी जमत होतं. दोघंही हिंजवडीत, वेगवेगळ्या कंपन्यांत, विवाह मंडळातून ओळख झालेली. चार वेळा भेटून एकमेकांना पसंत केलेलं. मुलाचं गाव बार्शीच्या पुढे, येरमाळ्याजवळ. आता घर बघणं तेवढं राहिलं होतं, आणि मुलाच्या आत्याचा होकार. त्या घरात आत्याचा शब्द शेवटचा, असं मुलानेच सांगून ठेवलं होतं. मैत्रिणीच्या नवऱ्याला गाडीत मळमळतं. म्हणून ती मला म्हणाली, "तूच चल. गाडी तुझी, आणि माणसं ओळखण्यात तू पटाईत." माणसं ओळखण्यात मी किती पटाईत आहे ते मला नुकतंच कळलं होतं. मी लगेच हो म्हटलं.

कारण असं घर बघायला गेलं की काय होतं ते मला ठाऊक होतं. आपण त्यांचं घर बघतो आणि ते आपल्यातल्या तिसऱ्या माणसाला बाजूला घेऊन विचारतात. तिसरं माणूस मी. मला एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते वाक्य मला आयतं मिळालं होतं.

मुलीचं काय, असं कुणी म्हणेल. ती मला मावशी म्हणते. निघायच्या दिवशी सकाळी ती खाली आली, पाण्याच्या बाटल्या नीट लावल्या, माझ्या खांद्याला विळखा घालून म्हणाली, "मावशी, आईला जरा आवर हं, ती फार बोलते." मी तिच्याकडे न बघता आरसा नीट केला. तिची काही चूक नव्हती. माझीही नव्हती तेव्हा.

हडपसरची गर्दी मागे पडली तशी मैत्रीण सुरू झाली. जावई कसा, सासू कशी, हॉल कुठला, पैठणी कुठली. मध्येच डबा उघडून म्हणाली, "तुझ्यासाठी लसणाची चटणी वेगळी घेतलीये, दशमीबरोबर." हे असं ती करते. दुसऱ्याला काय आवडतं ते तिला बरोबर माहीत असतं, म्हणून तर कुठे दुखेल तेही माहीत असतं. मी दशमी खाल्ली. चटणी उत्तम होती, त्याचाही राग आला.

भिगवणला धरणाचं पाणी रस्त्याच्या जवळ आलं. ऊन नुकतंच वर आलेलं आणि लांबवर पाण्यात पांढऱ्या-गुलाबी पक्ष्यांची रांग. "अगं थांब ना, फोटो काढू," ती म्हणाली. मी थांबले. सूड घ्यायला निघालेल्या माणसाने फोटोसाठी थांबू नये, पण पक्ष्यांचं माझ्याशी काही वैर नव्हतं. तिने माझ्या गळ्यात हात टाकून सेल्फी काढला. तो फोटो माझ्याकडे अजून आहे. त्यात मी हसते आहे.

टेंभुर्णीला हमरस्ता सोडला. त्या बाजूला आम्ही दोघी जन्मात कधी गेलो नव्हतो. पुण्याच्या माणसाला सगळा महाराष्ट्र माहीत असतो, म्हणजे कोकण आणि महाबळेश्वर. इथे दोन्ही बाजूंना काळी जमीन, तिच्यावर गुडघाभर ज्वारी, मध्ये पिवळ्याधमक फुलांनी भरलेल्या तुरी. आभाळ एवढं मोठं की गाडी उगीचच हळू चालवावीशी वाटे. बार्शीच्या पुढे रस्ता डोंगरात चढायला लागला. आमच्या सह्याद्रीसारखे अंगावर येणारे डोंगर नाहीत ते, सपाट माथ्याचे, गवताने पिवळे पडलेले, आणि माथ्यावर पवनचक्क्या संथ फिरत होत्या. किती सुंदर आहे, असं मी बोलून गेले. ती म्हणाली, "बघ ना, आपण दोघी कधी अशा निघालोच नाही. आता हिचं लग्न झालं की दर वर्षी जायचं आपण." मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून, "तुला कुणी काही विचारलं तर तू चांगलंच सांगशील, मला काळजी नाही. तुझ्यासारखी मैत्रीण असल्यावर."

मी गिअर बदलला.

घर गावाच्या कडेला, शेतातच. नवं पक्कं बांधकाम, पुढे ट्रॅक्टर, मागे हरभऱ्याचं रान. मुलाचे आईवडील साधे, बोलायला मऊ. आत्या तशी नव्हती. उंच, काटक बाई, बार्शीच्या बाजारात स्वतः तूर घेऊन जाणारी आणि व्यापाऱ्याशी भांडून भाव घेणारी. नवरा लवकर गेलेला. ती भावाकडे आली आणि तिनेच शेती वर आणली, असं मुलाची आई कौतुकाने की धाकाने सांगत होती. जेवायला भाकरी, भाजक्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, येसरची आमटी, शेंगदाण्याची चटणी. आम्ही दोघींनी पुण्याच्या सवयीने "नको, पुरे" म्हटलं की ताटात आणखी एक भाकरी पडायची. तिथे "नको" म्हणजे "वाढा" हे कळेपर्यंत आमचं पोट तडस लागेतो भरलं होतं.

जेवण झाल्यावर मुलाच्या आईने हळदीकुंकवाचं तबक आणलं. मैत्रिणीची खणानारळाने ओटी भरली. मग माझ्याकडे वळली आणि माझ्या गळ्याकडे, हाताकडे बघत घुटमळली. मी काही बोलायच्या आत मैत्रीण हळूच म्हणाली, "तिचं लग्न नाही झालेलं हो. योग नव्हता."

योग नव्हता. माझ्या लग्नात काडी घालणारी बाई माझ्यासमोर, ओटीत नारळ घेऊन बसून, लोकांना सांगत होती की योग नव्हता. तोपर्यंत मनात कुठे थोडी चलबिचल असेल तर ती तिथे संपली. आता विचारा, कुणीतरी विचारा मला, असं मी मनात म्हटलं.

मुलाच्या आईने तबक खाली ठेवलं. "तुमी चला माझ्यासंगं, रानातला हरभरा दाखवते," आत्या मला म्हणाली. मैत्रिणीने मागून माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. म्हणजे, चांगलं सांग.

रानात गेल्यावर आत्याने हरभऱ्याचे शेंडे खुडून माझ्या ओंजळीत घातले. आंबट, कोवळे. मी चघळत उभी राहिले. तिने पदर खोचला आणि सरळच विचारलं, "पोरगी कशी हाय? आईला इचारून काय उपेग, आई गोडच बोलणार. तुमी जवळच्या, म्हणून तुमाला इचारते."

मी म्हटलं, "मुलगी लाखात एक आहे. फक्त तेवढं एक सोडलं तर..." आणि थांबले. मान खाली घातली. "जाऊ दे. मी बोलणं बरं नाही."

जमलं. आवाजही हवा तसा लागला. इतके दिवस जे घोळवत होते ते बोलून झालं होतं.

आत्या खुडायची थांबली. "तेवढं एक म्हंजी काय?"

मी आणखी एक शेंडा तोंडात टाकला.

"न्हाय, सांगा की. बाजारात कुणी पोत्याचं तोंड दाखवलं आन् बूड झाकलं तर मी सगळं पोतं वतायला लावते. अर्धं सोडून जाऊ नका. काय हाय ते वता."

हे माझ्या हिशेबात नव्हतं. ते वाक्य चालतं ते पुढे कुणी विचारत नाही म्हणून. मामीने विचारलं नाही, आमच्या घरच्यांनी विचारलं नाही. भिडस्तपणाने माझं वाटोळं झालं होतं, आणि ही बाई कमरेवर हात ठेवून विचारत होती. मी काहीतरी खोटं शोधायला लागले. आधी कुणी मुलगा होता म्हणू, की आजार आहे म्हणू? तोंडाशी यायला लागलं ते सगळं खरंच. मग मी चिडून जे खरं होतं ते ओतलं.

"रागीट आहे," मी म्हटलं. "दारं आपटते. स्वयंपाकात शून्य, चहा तर तोंडात घालवत नाही. ऑफिसातून आली की बुटांसकट माझ्या दिवाणावर आडवी होते, मी ओरडले की म्हणते, पुसून टाकीन ना. कधीच पुसत नाही. आईशी उलट बोलते. खोटं बोलता येत नाही तिला, लगेच पकडली जाते. मला ताप होता तर हिंजवडीहून निघून आली आणि रात्रभर खुर्चीत बसून राहिली, आणि सकाळी मलाच रागावली की आधी का नाही कळवलंस." मी आणखीच जोरात म्हटलं, "बस. एवढंच आहे. आणखी काही नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग आमचं पोरगं तरी कुठं देव हाय," असं म्हणून आत्या हसली आणि खुडलेल्या शेंड्यांची एक मूठ माझ्या पिशवीत कोंबली.

परत निघालो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. घाट उतरायच्या आधीच मैत्रिणीने विचारलं, "काय म्हणाली गं ती? रानात नेऊन काय विचारलं?"

"मुलगी कशी आहे म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

मी रस्त्याकडे बघत म्हटलं, "तू माझ्याबद्दल त्या नागपूरच्या मुलाच्या मामीला सांगितलं होतंस तेच."

आता यावर निर्दोष माणूस काय म्हणेल? कोण मामी, कसलं नागपूर, काय बोलतेस तू. ती काहीच म्हणाली नाही. चोराच्या मनात चांदणं. तिचा हात मांडीवरच्या नारळावर होता, तो तसाच राहिला. पवनचक्क्या मागे गेल्या, बार्शी मागे गेली. सकाळी एवढी बडबड करणारी बाई कुर्डुवाडीपर्यंत हूं की चूं करेना. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. तुरीच्या शेतांवर संध्याकाळचं ऊन पडलं होतं आणि मी ते डोळे भरून बघितलं.

शेवटी ती रडायला लागली. "माझ्या पोरीने तुझं काय वाकडं केलं होतं?"

"मी तुझं काय केलं होतं?"

नाक पुसून ती म्हणाली, "तू नागपूरला गेली असतीस. मला तेव्हा नकारावर नकार येत होते, तुला माहितीये. तू गेल्यावर मी एकटी काय केलं असतं? एवढं मोडेल असं नव्हतं वाटलं गं. मला फक्त तू इथे हवी होतीस."

आजपर्यंत मी समजत होते की तिने जळफळून केलं. ते मला चाललं असतं. हे मात्र चालणारं नव्हतं. पोहे, किल्ली, भेळ, लसणाची चटणी, सगळं एका झटक्यात दिसलं. तिने मला ठेवून घेतलं होतं. समोरच्या खिडकीत, हाक मारली की ऐकू येईल अशा अंतरावर, आयुष्यभर.

भिगवणच्या अलीकडे तिचा फोन वाजला. मुलगी होती. गाडीत सगळं ऐकू येत होतं. "आई, त्यांचा होकार आला! आत्या म्हणाल्या, मावशीने माझे सगळे अवगुण सांगितले म्हणून. मावशी, तू माझ्या चहाबद्दलसुद्धा सांगितलंस?"

मैत्रिणीने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मग तिचा चेहरा असा झरझर हलका होत गेला की बघवेना. तिने माझा दंड धरला. "मला माहीत होतं, तू असं करणारच नाहीस. उगीच घाबरवलंस. झालं गेलं गंगेला मिळालं, हो ना?" आणि डोळे पुसून तिने उरलेली दशमी काढली, अर्धी माझ्यापुढे केली. मी घेतली नाही. पुढे पुण्यापर्यंत ती हॉलबद्दल बोलत होती.

गल्लीत गाडी थांबवली तेव्हा दुकानं अजून उघडी होती. ती खाली उतरली, ओटीचा नारळ, डबा, पिशवी घेतली, आणि खिडकीत वाकून म्हणाली, "उद्या रविवार. सकाळी येते गं. पोहे भिजव."

मी म्हटलं, "किल्ली दे."

"कसली?"

"माझ्या घराची."

तिला वाटलं माझी हरवली. तिने जुडगं काढलं, पिशवी पायाशी ठेवून रस्त्यावरच किल्ली सोडवायला लागली. कडी घट्ट होती, इतक्या वर्षांत ती कधी काढलीच नव्हती. नख दुखावलं तिचं. शेवटी निघाली. ती माझ्या हातात देता देता तिला काहीतरी कळलं असावं.

"अगं, पण का? लग्न तर जमलं की. आता काय राहिलं?"

"काही नाही," मी म्हटलं. "तू लाखात एक आहेस. फक्त तेवढं एक सोडलं तर..."

ती ओणवी होऊन वाट बघत राहिली. आत्यासारखं विचारलं असतंस तर सांगितलं असतं, असं मनात आलं. पण ती पुण्याची. तिने विचारलं नाही.

"जाऊ दे," मी म्हटलं, आणि काच वर केली.